काळ्या मोहऱ्यांचा धनी : आरोन निम्झोविच

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

बुद्धिबळाच्या पटावर पांढरी मोहरी वाट्याला आली की खेळाडू यजमान असतो आणि काळी आली की पाहुणा. पहिले पाऊल यजमानाने टाकायचे आणि पाहुण्याने त्याच्या घरची रीत बघून वागायचे. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी तीन वेळा असा पाहुणा झालो आणि तिन्ही वेळा यजमानाने मला उंबऱ्याबाहेर घालवले. पांढऱ्या मोहऱ्यांनी मिळवलेले गुण काळ्या मोहऱ्यांनी घालवले आणि आमचा संघ दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. परतीच्या एस. टी. मध्ये कोणी मला बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

माझा अपराध काय होता, हे आज मला नीट कळते. आमच्या संघाचा कप्तान कन्नड विभागातला. तो काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचाव खेळतो, आणि असा खेळतो की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. प्यादी बळी देतो, राजा उघडा टाकतो, आणि शेवटी समोरच्याचाच राजा पळत सुटतो. मला त्याचा हेवा वाटे. म्हणून मीही सिसिलियन बचाव उचलला, सोळा चाली तोंडपाठ केल्या, आणि लेजरमधली नोंद उतरवावी तशा पटावर उतरवू लागलो. स्पर्धेत समोरच्याने सातव्याच चालीला पुस्तकाबाहेरची चाल केली. पुढे काय करायचे, हे माझ्या पाठांतरात नव्हते आणि माझ्या स्वभावातही नव्हते.

आम्हांला हिशेबशास्त्र शिकवणारे सर बुद्धिबळाचेही मार्गदर्शक आहेत. त्यांनी मला कोणता बचाव खेळतोस हे विचारलेच नाही. तुला कोणत्या प्रकारची परिस्थिती आवडते, मोकळी की बंद, घाईची की सबुरीची, एवढेच विचारले. मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कव्हर सुटलेले एक जाड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवले. 'माय सिस्टिम' हे त्याचे नाव आणि आरोन निम्झोविच हे लेखकाचे. मी मराठी माध्यमात शिकलेला. पहिली वीस पाने वाचायला मला दोन आठवडे आणि एक शब्दकोश लागला. प्रोफिलॅक्सिस हा शब्द अडला तेव्हा शब्दकोशात रोगप्रतिबंधक उपाय असा अर्थ निघाला. बुद्धिबळात रोग कसला, म्हणून मी पुढे वाचू लागलो, आणि पुस्तकापेक्षा ते लिहिणारा माणूसच मला अधिक ओढू लागला. त्याचीच ही हकीकत.

आरोन निम्झोविच याचा जन्म 7 नोव्हेंबर 1886 रोजी रीगा येथे झाला. हे शहर आज लाटव्हियाची राजधानी आहे. त्या वेळी ते रशियन साम्राज्यात होते. घराणे ज्यू, वडील लाकडाचे सधन व्यापारी. त्यांनीच आठ वर्षांच्या आरोनला बुद्धिबळ शिकवले. पुढे 1904 साली तरुण आरोन तत्त्वज्ञान शिकण्यासाठी बर्लिनला गेला. पण तत्त्वज्ञानाची पुस्तके मिटली गेली आणि पट मांडला गेला तो कायमचाच. घरी पैसा असलेल्या मुलाने शिक्षण सोडून खेळाला वाहून घ्यावे, हे वाणिज्य शाखेतल्या आम्हा मुलांच्या पालकांना कसे वाटेल, ते सांगायला नको.

त्याच वर्षी न्यूरेंबर्गला त्याची गाठ डॉ. सीगबर्ट टाराश यांच्याशी पडली. डॉक्टरसाहेब पेशाने वैद्य आणि बुद्धिबळाचे फार मोठे गुरू. युरोपातील एक संपूर्ण पिढी त्यांच्या पुस्तकांवर वाढली होती. त्यांची शिकवण स्वच्छ होती. पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापा, मोहरी चटचट बाहेर काढा, जागा मोकळी ठेवा. ज्याची जागा कोंडली तो अर्धा हरलाच. हा पोरगा त्यांच्याशी एक साधा डाव खेळायला बसला आणि भलत्याच विचित्र चाली करू लागला. दहा चालींनंतर डॉक्टरांनी हाताची घडी घातली आणि इतक्या लवकर इतकी जिंकलेली स्थिती आपल्याला आजवर कधी मिळाली नव्हती, अशा अर्थाचा शेरा सर्वांदेखत मारला. डाव अखेर बरोबरीत सुटला, पण तो शेरा पोराच्या जिव्हारी लागला. त्यांच्या आयुष्यभराच्या वैराचे मूळ तेथे आहे, असे निम्झोविचनेच पुढे सांगितले.

लगेच काही त्याने डॉक्टरांना धडा शिकवला, असे मात्र झाले नाही. 1905 साली बार्मेनच्या स्पर्धेत तो तळाशी जाऊन बसला. आपण चमकदार चाली करू शकतो, पण आपल्या खेळाला पाया नाही, हे त्याला त्या वेळी कळले. त्याने स्वतःचे हरलेले डाव पुन्हा पुन्हा मांडले. 1906 साली म्यूनिकला तो पहिला आला. 1912 साली सान सेबास्टियन येथे तो संयुक्त दुसरा आला, आणि 1914 च्या आरंभी सेंट पीटर्सबर्ग येथील अखिल रशियन स्पर्धेत त्याने अलेखिनबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. मधल्या काळात, 1913 साली, त्याने डॉ. टाराश यांच्या आधुनिक म्हणवणाऱ्या पुस्तकातील विचार खरोखरच आधुनिक आहेत काय, अशी उघड विचारणा करणारा लेख व्हिएन्नाच्या बुद्धिबळ मासिकात लिहिला. गुरुस्थानी असलेल्या माणसाला असे छापून विचारणे म्हणजे केवढे धाडस!

नियतीचा विनोद असा, की 1914 साली सेंट पीटर्सबर्गच्या मोठ्या स्पर्धेत हे दोघे समोरासमोर आले तेव्हा पांढरी मोहरी निम्झोविचकडे होती. बावन्न वर्षांच्या टाराश यांनी काळ्या मोहऱ्यांनी दोन्ही उंटांचा बळी देऊन त्याचा राजा उघड्यावर आणला आणि डाव जिंकला. तो डाव आजही पाठ्यपुस्तकांत आहे. पुढे महायुद्ध पेटले, त्यामागून क्रांती आली, आणि सहा वर्षे निम्झोविचला मोठी स्पर्धा मिळाली नाही. वयाची सत्तावीस ते तेहेतीस ही वर्षे खेळाडूच्या आयुष्यातली सोन्याची असतात. ती अशी वाया गेली. 1920 साली तो स्वीडनला पोहोचला तेव्हा गॉथेनबर्गच्या स्पर्धेत तो पार खालच्या क्रमांकावर आला. 1922 साली तो कोपनहेगनला गेला आणि भाड्याच्या एका लहानशा खोलीत राहू लागला. मरेपर्यंत त्याचा मुक्काम त्याच शहरात होता.

या खोलीतल्या माणसाने काळ्या मोहऱ्यांचे नशीब बदलले. ते कसे, हे सांगण्यासाठी वाचकांना थोडा वेळ पटाशी बसवतो.

पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, तर काळ्यानेही तसेच प्यादे समोर आणून भिडवावे, ही जुनी रीत. निम्झोविचने निराळा विचार केला. मध्य व्यापायलाच हवा असे कोठे आहे? दुरून त्यावर नजर ठेवली तरी चालेल. म्हणून त्याने प्याद्याऐवजी राजाकडचा घोडा बाहेर काढला. पांढऱ्याने वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे टाकले की याने राजापुढचे प्यादे एकच घर सरकवले. पांढऱ्याने दुसरा घोडा बाहेर काढला की याचा उंट तडक जाऊन त्या घोड्यावर रोखला गेला. त्या घोड्याला आता हलता येत नाही, कारण त्याच्या पाठीमागे त्याचा राजा आहे. तिसऱ्या चालीतच पाहुण्याने यजमानाच्या दाराला बाहेरून कडी लावली! पुढे काळा बहुधा आपला उंट देऊन तो घोडा मारतो. पांढऱ्याची दोन प्यादी एकामागे एक अशी एकाच ओळीत अडकतात. जोडप्यादी दिसायला भक्कम, पण त्यांना हलता येत नाही. त्यांच्यापुढे काळा एखादे मोहरे आणून बसवतो आणि मग सावकाश वसुली करतो. आधी रोखायचे, मग नाकेबंदी करायची, आणि शेवटी मोडायचे, हा त्याचा क्रम. शत्रूला काय करायचे आहे ते आधी ओळखून त्याची वाट बंद करायची, हाच तो शब्दकोशातला रोगप्रतिबंधक उपाय.

या बचावाला आज निम्झो-इंडियन म्हणतात. त्यातला इंडियन हा शब्द वाचून मी थबकलो. त्यामागे खरोखरच आपल्या देशाचा संबंध आहे. 1850 च्या सुमारास कलकत्त्याला जॉन कॉक्रेन नावाचे एक बॅरिस्टर राहत. ते युरोपातील नाणावलेले खेळाडू होते. मोहेशचंद्र बॅनर्जी नावाच्या बंगाली गृहस्थांबरोबर त्यांनी शेकडो डाव खेळले. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या चालीतही दोन घरे जाता येत नाही. त्यामुळे बॅनर्जीबाबूंच्या हाताला प्यादी एकेक घर सरकवण्याची, उंट कोपऱ्यातून रोखण्याची सवय होती. कॉक्रेन यांनी ते डाव टिपून ठेवले म्हणून ते उरले. पाऊणशे वर्षांनंतर युरोपातल्या नव्या पिढीने मध्य दुरून ताब्यात ठेवण्याची रीत धरली, तेव्हा अशा बचावांना भारतीय हे नाव पडले.

हे वाचले त्या रात्री मला माझे आजोबा आठवले. म्हणजे ते माजघरातच झोपले होते. आठवला तो त्यांचा खेळ. शहापूरच्या आमच्या जुन्या घरात त्यांनी मला देशी बुद्धिबळ शिकवले. प्यादे एक घर, राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची चाल, अशी ती पद्धत. आजोबा कधी घाई करीत नसत. सुपारी कातरावी तसा डाव बारीक करीत नेत. कॉलेजात आल्यावर मला त्या खेळाची लाज वाटू लागली होती. तो मागासलेला, खेडवळ खेळ वाटे. कप्तानाच्या खेळापुढे तो कोणाला दाखवू नये असे वाटे. आणि इकडे कोपनहेगनच्या खोलीतला हा विद्वान गृहस्थ राजापुढचे प्यादे एकच घर सरकवून जगातल्या दिग्गजांना थोपवीत होता!

आता त्याच्या विजयांकडे येऊ. 1923 साली कोपनहेगनला जेमिश या जर्मन खेळाडूविरुद्ध त्याने काळ्या मोहऱ्यांनी एक डाव खेळला. त्यात त्याने घोडा देऊन दोन प्यादी घेतली आणि हळूहळू पांढऱ्याची सारी फौज जागच्या जागी बांधून टाकली. पंचविसाव्या चालीला त्याने हत्तीपुढचे प्यादे मुकाट्याने एक घर सरकवले. पट मोहऱ्यांनी भरलेला, राजाला शह नाही, मात नाही, पण पांढऱ्याने कोणतीही चाल केली तरी त्याचे नुकसान ठरलेले! जेमिशने डाव सोडला. चाल करणे हाच दंड ठरावा, अशा या अवस्थेला जर्मन भाषेत झुग्झ्वांग म्हणतात, आणि तो डाव झुग्झ्वांगचा अमर डाव म्हणून प्रसिद्ध आहे.

1926 साली ड्रेस्डेनला त्याने नऊपैकी साडेआठ गुण मिळवले आणि अलेखिनला दीड गुणाने मागे टाकले. याच स्पर्धेत योनरविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळलेला डाव मी किती वेळा मांडला असेल, सांगता येत नाही. त्याचा वजीर टप्प्याटप्प्याने राजाच्या बाजूला, पार हत्तीच्या ओळीत, आपल्याच प्याद्याच्या मागे जाऊन बसतो. वजिरासारखे बलाढ्य मोहरे असे कोपऱ्यात का कोंडून घ्यावे, हे मला आधी कळेना. त्या बाजूची पांढरी प्यादी पुढे सरकू नयेत म्हणून तो तेथे पहारा देत होता. ती थांबली, आणि मग हल्लाही त्याच बाजूने झाला.

त्यानंतरची त्याची वर्षे वैभवाची. 1927 साली न्यूयॉर्कला कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यामागे तिसरा क्रमांक, 1928 साली बर्लिनला पहिला, आणि 1929 साली कार्ल्सबादला बावीस खेळाडूंत एकवीसपैकी पंधरा गुणांनी पहिला, कापाब्लांकाच्याही पुढे. 1925 पासून त्याची 'माय सिस्टिम' ही कृती मूळ जर्मन भाषेत भागाभागांनी निघाली. तो विक्षिप्त होता यात शंका नाही. स्पर्धा चालू असता तो मध्येच उठून व्यायाम करी. त्याला तंबाखूच्या धुराचा तिटकारा. समोरच्या खेळाडूने न पेटवलेली सिगार नुसती पटाशेजारी ठेवली, तेवढ्यावरून त्याने पंचाकडे तक्रार नेली, कारण धमकी ही प्रत्यक्ष कृतीपेक्षा अधिक घातक असते हे त्याचे तत्त्व, अशी एक गंमतीची कथा बुद्धिबळाच्या जगात सांगतात.

परंतु विश्वविजेतेपदाचा सामना त्याच्या नशिबी नव्हता. 1922 च्या लंडन नियमांप्रमाणे आव्हान देणाऱ्याला 10,000 डॉलर उभे करावे लागत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने एवढी रक्कम आणायची कोठून? 1927 साली अलेखिन विश्वविजेता झाला आणि त्याने 1929 व 1934 अशा दोन्ही वेळा बोगोल्युबोवबरोबर सामने खेळले. निम्झोविच वाट बघत राहिला.

येथे मला एक गोष्ट लपवायची नाही. ज्या काळ्या मोहऱ्यांनी त्याला नाव दिले, त्यांनीच त्याला सर्वांत कडू घोटही पाजले. 1930 साली सान रेमोला अलेखिनविरुद्ध तो आपला आवडता फ्रेंच बचाव खेळला. अलेखिनने दोन हत्ती आणि वजीर एकाच ओळीत एकामागे एक उभे केले, आणि काळ्याची फौज अशी बांधली की तिसाव्या चालीला निम्झोविचला करायला चालच उरली नाही. जेमिशला त्याने जे पाजले, तेच सात वर्षांनी त्याला प्यावे लागले. पुढच्या वर्षी ब्लेडला त्याच अलेखिनविरुद्ध त्याच बचावात त्याने प्याद्यांचा लोभ धरला आणि अवघ्या एकोणीस चालींत तो हरला. जो सबुरीचा आचार्य, त्यानेच सबुरी सोडली!

1934 च्या फेब्रुवारीत डॉ. टाराश वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस निम्झोविच आजारी पडला, तीन महिने अंथरुणाला खिळला आणि 16 मार्च 1935 रोजी न्यूमोनियाने गेला. वय अवघे अठ्ठेचाळीस. कोपनहेगनच्या बिस्पेबेर्ग दफनभूमीत तो विसावला आहे. त्याच्या पुस्तकांवर वाढलेला टिग्रान पेट्रोस्यान 1963 साली विश्वविजेता झाला, हे पाहायला तो नव्हता. त्याचा निम्झो-इंडियन बचाव आजही जगातील श्रेष्ठ खेळाडू खेळतात.

मग मी काय निवडले? निम्झोविचचे चरित्र वाचून त्याची हुबेहूब नक्कल करायची, तर ती कप्तानाच्या नकलेसारखीच दुसरी चूक झाली असती. म्हणून मी माझे गेल्या दोन वर्षांतले हरलेले आणि जिंकलेले असे चाळीस डाव काढले आणि वहीत दोन बाजू आखल्या, जमा आणि खर्च. उघड्या पटावर, दोन्ही राजे धोक्यात असताना, मी बहुतेक डाव खर्ची घातले होते. प्यादी एकमेकांत गुंतलेली असताना, वेळ हाताशी असताना, जमेची बाजू बरी होती. वजीर गेल्यावर तर फारच बरी. हा ताळेबंद पाहून निवड सोपी झाली. राजाच्या प्याद्यासमोर फ्रेंच बचाव, वजिराच्या प्याद्यासमोर निम्झो-इंडियन. दोन्हींत राजापुढचे प्यादे एकच घर जाते.

माझ्या कनिष्ठ मित्रांना एवढेच सांगेन, की ज्याला हल्ल्याशिवाय करमत नाही आणि हरण्याची भीती नाही, त्याने सिसिलियन किंवा किंग्ज इंडियन खुशाल खेळावे. ज्याला मोकळी मोहरी आणि सरळ झुंज आवडते, त्याने राजाच्या प्याद्यासमोर राजाचे प्यादे दोन घरे टाकावे. ती लाजेची गोष्ट नव्हे. ज्याला भक्कम पाया हवा, पण आपला पांढऱ्या घरांवरचा उंट कोंडलेला सोसत नाही, त्याने कारो-कान बघावा. पण निवडीपूर्वी स्वतःचे हरलेले डाव मांडा. बार्मेननंतर निम्झोविचने तेच केले होते. आणि स्वभावाला साजेसा बचाव मिळाला म्हणजे डाव जिंकला, असेही समजू नका. ब्लेडचा डाव लक्षात ठेवा.

यंदाच्या स्पर्धेत मला काळी मोहरी दोनदा आली. एक डाव मी हरलो. बचाव बरोबर होता, शेवट चुकला. दुसऱ्या डावात गेल्या वर्षी मला सातव्या चालीला गोंधळात टाकणारा तोच खेळाडू समोर आला. त्याने वजिरापुढचे प्यादे टाकले. मी घोडा काढला, प्यादे एक घर सरकवले, उंट रोखला. त्याची जोडप्यादी अडकली. त्रेपन्न चालींनंतर बरोबरी झाली. अर्धाच गुण, पण त्या अर्ध्या गुणाने संघ तिसऱ्या फेरीत गेला. कप्तानाने पाठीवर थाप मारली आणि त्याच्या डोक्यावरून तो डाव गेला, असे कन्नडमध्ये हसत कबूल केले.

घरी येऊन मी आजोबांना तो डाव मांडून दाखवला. नव्या नियमांचे त्यांना कौतुक नाही. चष्मा सारखा करून ते पट बघत राहिले. मी राजापुढचे प्यादे एक घर सरकवले, तेव्हा त्यांनी मान हलवली. पुढे बारा-तेरा चाली झाल्यावर त्यांनी माझा हात धरून मला थांबवले आणि एक प्यादे बोटाने एक घर पुढे केले. मी दोन रात्री ती चाल तपासली. ती माझ्या चालीपेक्षा चांगली होती.